मुंगळ्याचा गूळ आणि दुखरे हात

एक होता मुंगळा. काळा काळा, एवढुस्सा. त्याला मिळाला गुळाचा खडा. मुंगळा खडा ढकलत निघाला. हुश्श हुश्श. हुश्श हुश्श.

पण खडा घरंगळला. गडगड गडगड. मसाल्याच्या दगडी पाट्याखाली गेला आणि फटीत अडकला. मुंगळ्यानं ओढला. हलेना. सकाळपासून तो उपाशी होता. त्याला रडूच आलं.

पाटा होता पारूकाकूचा. तुरुतुरु तुरुतुरु, मुंगळा काकूकडे गेला.

"काकू, काकू, पाटा उचल ना."

काकू म्हणाली, "कसा उचलू? तीन दिवस मिरच्या वाटल्या. थोडंच राहिलं, थोडंच राहिलं, म्हणत वाटल्या. आता खांदा दुखतो, हात वर जात नाही. माळीदादाला निरगुडीचा पाला द्यायला सांग. पाला बांधीन, मग पाटा उचलीन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगळा माळीदादाकडे गेला.

"काकूचा खांदा दुखतो, काकू पाटा उचलत नाही, माझा गूळ मला मिळत नाही. दादा, दादा, पाला दे ना."

माळीदादा म्हणाला, "कसा देऊ? दिवसभर कात्रीनं कुंपण कापलं. थोडंच राहिलं, थोडंच राहिलं, म्हणत कापलं. आता कोपर दुखतं, पेलासुद्धा धरवत नाही. कुंभारआबांना खापर द्यायला सांग. खापरात वाळू तापवीन, कोपर शेकीन, मग पाला देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगळा कुंभारआबांकडे गेला.

"दादाचं कोपर दुखतं, दादा पाला देत नाही. काकूचा खांदा दुखतो, काकू पाटा उचलत नाही, माझा गूळ मला मिळत नाही. आबा, आबा, खापर द्या ना."

आबा म्हणाले, "कसं देऊ? ढीगभर माती मळली. थोडंच राहिलं, थोडंच राहिलं, म्हणत मळली. आता मनगटाच्या वर हात सुजला, मूठ वळत नाही. गोजीला ओलं फडकं द्यायला सांग. फडकं गुंडाळीन, मग खापर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगळा गोजीकडे गेला. गोजी म्हणजे आबांची छोटी नात.

"आबांचा हात सुजला, आबा खापर देत नाहीत. दादाचं कोपर दुखतं, दादा पाला देत नाही. काकूचा खांदा दुखतो, काकू पाटा उचलत नाही, माझा गूळ मला मिळत नाही. गोजी, गोजी, फडकं दे ना."

गोजीकडे फडकं होतं. पण ते होतं बाहुलीच्या गळ्यात, आणि बाहुलीचा हात होता फडक्याच्या झोळीत.

गोजी म्हणाली, "एका हाताला धरून मी तिला फिरवलं. गरगर गरगर. खांद्यातून हात निसटला. हात शिवला तर फडकं देईन. पण मला सुई धरू देत नाहीत."

आता कुणाकडे जायचं? कुणाकडेच नाही. मुंगळ्यानं बाहुलीच्या खांद्याला लोंबणारा दोरा तोंडात पकडला. जुन्या शिवणीच्या या भोकातून आत, त्या भोकातून बाहेर. सुळ्ळकन आत, सुळ्ळकन बाहेर. गोजीनं गाठ मारली. हात पक्का झाला.

मग काय, गोजीनं फडकं भिजवून आबांना दिलं. आबांनी फडकं गुंडाळलं, दादाला खापर दिलं. दादानं कोपर शेकलं, काकूला पाला दिला. काकूनं खांद्याला पाला बांधला आणि पाटा उचलायला वाकली.

मुंगळा म्हणाला, "थांब काकू. एकटीनं नको."

आबा आले, दादा आला, गोजी आली. दुखरे हात राहिले बाजूला, बरे हात लागले पाट्याला. हैय्या हो, हैय्या! पाटा उठला. गडगड गडगड, गूळ बाहेर आला.

मुंगळ्यानं गूळ खाल्ला. कुर्रम कुर्रम. पोट झालं टम्म. सगळे हसले. मग काकूनं हळूच मिरच्यांकडे पाहिलं. म्हणाली, "थोडंच राहिलंय."

मुंगळ्यानं गुळाकडे पाहिलं. तोही थोडाच राहिला होता. त्यानं तोंड पुसलं.

"माझाही थोडाच राहिलाय, काकू," तो म्हणाला. "आता उद्या."

आणि दोघंही झोपली.