कुलूपबंद कचेरीचा अर्ज

भिवराला पहिल्यांदा खटकली ती पाटी. कचेरीच्या कुलपावर कोळ्याचं जाळं, आणि वर ‘मुक्तजन कचेरी’ ही अक्षरं मात्र नुकतीच रंगवलेली. संस्थानानं सोडलेल्या गुलामांच्या नातवंडांना राहत्या घरांचे पट्टे हीच कचेरी देई. ती बारा वर्षं बंद होती, आणि पट्टे नाहीत म्हणून त्यांची वस्ती दिवाण भास्करपंत दसऱ्याआधी उठवणार होते.

भिवरा त्याच वस्तीतली, कॉलेजात शिकलेली, पण चोपदार खाकरला तरी दचकायची. तशीच ती अर्ज घेऊन दरबारात उभी राहिली.

“कचेरी उघडायचा अर्ज ना?” दिवाण मिशीत हसले. “तो त्याच कचेरीत द्यायचा असतो, पोरी.”

दरबार खिदळला.

“बरं, साहेब. पण आवाराच्या फाटकावरचा पहारेकरी आमचं ऐकायचा नाही. तेवढं लिहून द्या.”

दिवाणांनी ऐटीत अर्जावरच लिहिलं, ‘मुक्तजन कचेरीने हा अर्ज आजच दाखल करून घ्यावा,’ आणि वर शिक्का मारला.

भिवरानं तो कागद गादीवरच्या महाराजांपुढे धरला. “महाराज, हा हुकूम कचेरीला आहे. कचेरी असेल तर कुलूप काढायला सांगा. नसेल, तर दिवाणसाहेब रिकाम्या खोलीला हुकूम सोडतात, त्यांना वैद्याला दाखवा.”

महाराजांना हसू आवरेना. “काढा कुलूप, पंत. आणि माणूसही बसवा.”

दिवाणांनी किल्ली कारकुनाच्या हाती दिली.

दुपारी भिवरानं त्या दारावर थाप मारली. “कोणी आहे का आत?”

“आहे,” आतून आवाज आला. “या बाई, अर्ज आणलाय ना?”