अंजिरांची गार खोली

झाडावरून उतरवलेलं अंजीर दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. पुरंदरातल्या इंदूताई झेंडे यांच्या गावात निम्मी फळं अशीच उकिरड्यावर जायची. शेवटी इंदूताईंनी एका खोलीला आतून थर्माकोल लावलं, भिंतीत जुना एसी बसवला आणि गावासाठी गार खोली तयार केली. मंजुरी मात्र मिळेना. तालुक्याचे तज्ज्ञ घोरपडेसाहेब खुर्चीतून न उठताच तीनदा सांगून मोकळे झाले होते, "एसी सोळाच्या खाली उतरत नाही. तुमची खोली गार होणारच नाही."

चौथ्या खेपेला सरपंच त्यांना गाडीत घालूनच घेऊन आले. आत तापमापकाचा काटा आठवर होता. साहेबांनी त्याला दोनदा टिचकी मारून पाहिली. मग त्यांना एसीला बांधलेली तार दिसली.

"हे काय?"

"एसी ज्या नळीनं हवा जोखतो, तिला छोटा हीटर बांधलाय. तिला उकडत राहतं, म्हणून एसी थांबत नाही."

साहेबांना मुद्दा सापडला. "म्हणजे आपल्यापाशी उकडतंय, तर सगळी खोली तापलीय असं समजणारं यंत्र. असलं खुळं यंत्र मी मंजूर करू?"

इंदूताईंनी चार दिवसांपूर्वी तोडलेलं, अजून टणक असलेलं अंजीर त्यांच्या हातावर ठेवलं.

"त्याला नावं ठेवू नका, साहेब. एका जागी बसून त्याला तेवढंच कळणार. तुम्हालाही खुर्ची सोडल्यावरच कळलं ना?"

साहेबांनी कोटाची बटणं लावली आणि सहीसाठी कागद मागितला.