वेशीवरची पितळी पाटी

फार जुनी नाही, परवाचीच गोष्ट. वेशीवरच्या स्मारकावर युद्धात पडलेल्या गावच्या अकरा जवानांच्या नावांची पितळी पाटी होती. चोरांनी ती उचकटून भंगारात विकली.

"आता भट्टीत जाशील," शेजारचं चेपलेलं घंगाळ म्हणालं.

"छे! उद्या हुतात्मा दिन. हार घालायला आले की गाव मला शोधत येईल."

दुसऱ्या दिवशी वेशीवरचा कावळा भंगाराच्या ढिगावर येऊन बसला.

"आले होते?" पाटीने अधीरपणे विचारलं.

"सगळे आले. भाषणं झाली, हारही घातला."

"कशाला? मी तर इथे!"

"दगडात तुझी भोकं होती ना, त्यांत खिळे ठोकून अडकवला. सरपंच म्हणाले, 'दरवर्षी पितळेवरून हार घसरायचा. यंदा बघा कसा छान बसलाय!'"

पाटीने घंगाळाला विचारलं, "भट्टी कधी पेटवतात?"