पिटुकलीला हवी झुलती शेपटी

भिंतीवर कोण?
पिटुकली पाल!
बोटाएवढी. डोळे मण्यांसारखे. चालते कशी? सरसर सरसर. बोलते कशी? चुक चुक.

एकदा काय झालं, पिटुकली खिडकीतून आत येत होती. वारा आला. खिडकी लागली. धाड!
पिटुकली आत. शेपटी बाहेर.
तुटली की हो शेपटी! टप्!
दुखलं नाही. रक्त नाही आलं. पण मागे वळून बघते तर काय? काहीच नाही!
"चुक चुक! गेली माझी शेपटी!"

खाली चटईवर बसली होती कुंदामावशी. मावशी जपानला राहून आली होती. तिथे ती कापडाची फुलं करायला शिकली. कापडाचा चौकोन घ्यायचा, एवढुस्सा. चिमट्यात धरायचा. घडी, घडी, घडी. झाली पाकळी! भाताची चिकट चिकट खळ लावायची. पाकळीशेजारी पाकळी, पाकळीशेजारी पाकळी. झालं फूल!

असेच काही दिवस गेले. मग एकदा मावशीने शेजारच्या रेणूसाठी फूल केलं. लाल लाल खणाचं. फुलाखाली लोंबत होती पाकळ्यांची लांब लांब लड. रेणूने फूल केसात लावलं. मान हलवली. लड झुलली. झुल झुल झुल.

पिटुकलीने वरून बघितलं.
"अय्या! फुलालासुद्धा शेपटी! आणि मला नाही!"
पिटुकलीच्या पोटात दुखलं. पडली नव्हती. जास्त खाल्लं नव्हतं. हेवा वाटला की दुखतं ना, तस्सं दुखलं.
"हूं! सगळं तिला, मला काहीच नाही!"

सरसर सरसर. पिटुकली आली मावशीकडे.
"मावशी मावशी, मला शेपटी कर ना! झुलती!"
मावशी म्हणाली, "करीन की गं सोन्या! पण कात्री बघ कशी तोंड मिटून बसलीय. ती कापड कापेल, तर मी शेपटी करीन."

सरसर सरसर. पिटुकली गेली कात्रीकडे.
"कात्रीताई, कात्रीताई,
मावशी करेना शेपटी.
आता मी करू तरी काय?
तू कापड काप ना!"
कात्री म्हणाली, "मी नाही जा! चिमट्याला बघ. मावशीने त्याला बटवा शिवला. नाडी ओढली की तोंड मिटतं. कापून कापून दमते मी, आणि बटवा त्याला! हूं! सगळं त्याला, मला काहीच नाही! चिमटा बटवा देईल, तर मी कापड कापीन."

सरसर सरसर. पिटुकली गेली चिमट्याकडे.
"चिमटेदादा, चिमटेदादा,
कात्री कापेना कापड,
मावशी करेना शेपटी.
आता मी करू तरी काय?
तू बटवा दे ना!"
चिमटा म्हणाला, "मी नाही जा! खळीच्या वाटीला बघ. मावशीने तिला रुमाल बांधला. वर गाठ, सशाच्या कानांसारखी. मी लोखंडाचा. थंडी वाजते मला, आणि रुमाल तिला! हूं! सगळं तिला, मला काहीच नाही! वाटी रुमाल देईल, तर मी बटवा देईन."

सरसर सरसर. पिटुकली गेली वाटीकडे.
"वाटीबाई, वाटीबाई,
चिमटा देईना बटवा,
कात्री कापेना कापड,
मावशी करेना शेपटी.
आता मी करू तरी काय?
तू रुमाल दे ना!"
वाटी म्हणाली, "मी नाही जा! मनी मांजरीला बघ. मावशीने तिच्या गळ्यात फूल बांधलं. काम नाही, धाम नाही. नुसती झोपते, आणि फूल तिला! हूं! सगळं तिला, मला काहीच नाही! मनी फूल देईल, तर मी रुमाल देईन."

अगंबाई! मनीकडे जायचं?
मनी म्हणजे मांजर. मांजर म्हणजे नखं!
सरसर सरसर. पिटुकली गेली मनीकडे. पण लांबूनच हं! भिंतीवरूनच बोलली.
"मनीमाऊ, मनीमाऊ,
वाटी देईना रुमाल,
चिमटा देईना बटवा,
कात्री कापेना कापड,
मावशी करेना शेपटी.
आता मी करू तरी काय?
तू फूल दे ना!"
मनीने एक डोळा उघडला. म्हणाली, "मी नाही जा! रेणूला बघ. मावशी तिला मांडीवर घेते. मी गेले की म्हणते, हट् हट्! गोरीपान मी, मऊमऊ मी, आणि मांडी तिला! हूं! सगळं तिला, मला काहीच नाही! रेणू मला मांडीवर घेईल, तर मी फूल देईन."

सरसर सरसर. पिटुकली गेली रेणूकडे.
रेणू चटईवर उताणी पडली होती. वर छताकडे बघत होती. गाल फुगलेले, फुग्गाच जणू!
"रेणूताई, रेणूताई,
मनी देईना फूल,
वाटी देईना रुमाल,
चिमटा देईना बटवा,
कात्री कापेना कापड,
मावशी करेना शेपटी.
आता मी करू तरी काय?
तू मनीला मांडीवर घे ना!"
रेणू म्हणाली, "मी नाही जा! मी उठणारच नाही. मी रुसलेय."
"कुणावर गं?"
"तुझ्यावर!"
"माझ्यावर?"
"हो, तुझ्यावर! तू भिंतीवर चढतेस. तू छतावर उलटी चालतेस. मी खुर्चीवर चढले, तरी पडते धप्पकन! हूं! सगळं तुला, मला काहीच नाही!"

पिटुकलीने इकडे बघितलं. पिटुकलीने तिकडे बघितलं. दुसरी कुणी पाल आहे का? नाही. म्हणजे रेणू तिच्यावरच रुसली होती!
"माझा हेवा? अगं, मला तर शेपटीपण नाही!"
"नसू दे," रेणू म्हणाली. "तू छतावर उलटी चालून दाखव. मग मी उठीन."

आता आली का पंचाईत!
शेपटी गेल्यापासून पिटुकली छतावर गेलीच नव्हती. शेपटी असली की तोल सांभाळते. शेपटी नाही, आणि पडलं तर? खाली मनी! मनीची नखं!
पिटुकलीचं काळीज धडधडलं. धड धड धड.
भिंतीवर एकटीच बसून ती म्हणाली,
"रेणू घेईना मनीला,
मनी देईना फूल,
वाटी देईना रुमाल,
चिमटा देईना बटवा,
कात्री कापेना कापड,
मावशी करेना शेपटी.
आता मी करू तरी काय?"
तिने वर छताकडे बघितलं.
मग पिटुकलीच म्हणाली, "मी चढते!"

सरसर... सरसर...
भिंत संपली. छत आलं.
एक पाय ठेवला. चिकटला!
दुसरा पाय ठेवला. चिकटला!
तिसरा पाय... सुटला!
"अगं आई गं!" रेणू ओरडली.
मनीने दोन्ही डोळे उघडले.
पिटुकली लोंबकळली. इकडे झुलली. तिकडे झुलली. मग पाय टेकला. चिकटला!
आणि पिटुकली चालली. उलटी! डोकं खाली, पाय वर. सरसर सरसर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेपटी नाही, तरी चालली!

रेणू टुण्णकन उठून बसली. टाळ्या वाजवल्या. टप टप टप!
"पुन्हा कर! पुन्हा कर!"
"आधी मनीला घे!" पिटुकली वरूनच म्हणाली.

मग काय झालं?
रेणूने मनीला मांडीवर घेतलं. गुर्र गुर्र गुर्र.
मनीने फूल दिलं वाटीला.
वाटीने रुमाल दिला चिमट्याला.
चिमट्याने बटवा दिला कात्रीला.
कात्रीने कापड कापलं. कच कच कच! हिरवा चौकोन. पिवळा चौकोन. जांभळा चौकोन.
मग चिमट्याने घड्या घातल्या. घडी, घडी, घडी.
खळीने पाकळ्या चिकटवल्या. चिक चिक चिक.
मावशीने पाकळ्या ओवल्या दोऱ्यात. पाकळीखाली पाकळी, पाकळीखाली पाकळी.
झाली शेपटी! लांब लांब, झुलती शेपटी!

मावशीने पिटुकलीला तळहातावर घेतलं. कमरेला दोरा बांधायला गेली, तर काय?
"अगंबाई! हे गं काय?"
"काय? काय?" सगळे धावले.
मावशीने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. "पिटुकले, तुझी शेपटी तर उगवायला लागली! बघ, तांदळाच्या दाण्याएवढी. अगं वेडाबाई, पालीची शेपटी पुन्हा येते!"
पिटुकलीने मागे वळून बघितलं. होती! एवढुश्शी, पण होती!

"मग ती कापडाची मला दे!" कात्री म्हणाली.
"मला दे!" चिमटा म्हणाला.
"मला! मला!" वाटी म्हणाली.
"म्याऊ!" मनी म्हणाली.
"मी केसात लावीन," रेणू म्हणाली.

पिटुकलीने मान हलवली.
"मी नाही जा! दोन्ही माझ्या!"
मावशी खो खो हसली. तिने दोरा बांधला. हळूच, घट्ट.

सरसर सरसर. पिटुकली चढली छतावर. एक शेपटी तांदळाएवढी. एक शेपटी हिरवी-पिवळी-जांभळी. झुल झुल झुल!
खाली सगळे माना वर करून बसले. कात्रीच्या पोटात दुखलं. चिमट्याच्या पोटात दुखलं. वाटीच्या पोटात दुखलं. मनीच्या पोटात दुखलं. रेणूच्या पोटात तर फारच दुखलं.
आणि पिटुकलीच्या?
तिच्या पोटात जरासुद्धा दुखलं नाही. चुक चुक!