दासोहातली फरशी

मंगळवार, दुपारचे सव्वातीन. सावरखिंडच्या मठातलं दासोहाचं स्वयंपाकघर.

"मग यांतली कुठली, अप्पा?"

राजशेखर उपासेनं तिसऱ्यांदा विचारलं. फरशीचे चार नमुने त्यानं दारालगतच्या ओट्यावर बाहेरूनच हात लांबवून मांडले होते, भिंतीला टेकवून उभे, दुकानात मांडतात तसे. स्वतः तो दारातच थांबला होता. बूट पायरीखाली, पायांत मोजे, काखेत फाईल.

आत अप्पा दोडके चिरत बसले होते. मठाचे स्वामी, वय ऐंशीच्या पुढं. दासोह म्हणजे येईल त्याला पोटभर जेवण, आणि जो जेवतो त्यानं हाताला लागेल ते काम करायचं, हा मठाचा रिवाज. अप्पाही त्यातून सुटलेले नव्हते.

"आत ये," अप्पा म्हणाले.

"इथनं दिसतंय की."

"मला नाही दिसत. उभी का केलीस?"

"नीट पाहता यावी म्हणून."

"फरशी?"

"होय."

"उभी?"

राजशेखरनं फाईल दुसऱ्या काखेत घेतली. तो इंजिनियर होता, मठाच्या विश्वस्त मंडळाचा सचिव होता आणि चारचौघांत त्याला उत्तर सुचलं नाही असं फारसं घडत नसे.

अप्पांनी हाक मारली. "इरव्वा, ती खाली ठेव गं."

चुलीपाशी भात रांधत असलेली इरव्वा उठली. जमिनीवर गोणपाटं अंथरली होती. त्यांवरून ती पाय दाबत, एकेक पाऊल मोजून टाकत आली. चारही नमुने तिनं जमिनीवर आडवे ठेवले आणि परत चुलीकडं गेली. ओट्यापासून चुलीपर्यंतचं अंतर दहा पावलांचं. तिला त्याला बराच वेळ लागला.

गोणपाटांच्या फटींतून खालची फरशी दिसत होती. पांढरी, चकचकीत, आरशासारखी. ती माघी पौर्णिमेच्या आधी बसवली. त्याआधी इथं शहाबादी होती. काळी, जाड, खडबडीत. गुळगुळीत व्हायला लागली की पाथरवटाला बोलावून जात्याला लावतात तशी टाकी लावून पुन्हा खडबडीत करून घ्यायचे. ऐंशी वर्षं त्या जमिनीवर कुणी पडल्याची आठवण गावात कुणाला नाही.

"जुनी का काढलीस?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, हे आता कितीदा..."

"सांग."

"काळी पडली होती. बाहेरगावची माणसं येतात, फोटो काढतात. पांढरी बरी दिसते. आणि दुकानात शिल्लक माल होता, स्वस्तात मिळाला."

"दुकानात तू चालून पाहिलीस तिच्यावर?"

"दुकानात कोण चालून पाहतं?"

"तिथं कुठं लावली होती?"

"भिंतीला."

अप्पांनी दोडक्याचं टोक उडवलं.

माघ संपता संपता, एका सोमवारी सकाळी, हुग्गीचं पातेलं चुलीवरून उतरलं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. दाट, चिकट, अंगाला लागली की सुटत नाही. पातेल्याचा एक कान गौरव्वाच्या हातात होता. एकोणतीस वर्षं ती इथं रांधत होती. पेजेच्या ओघळावर तिची टाच गेली. नवव्या दिवशी ती इस्पितळात वारली.

पंचनाम्यात एक वाक्य आहे: जमीन ओली असल्याने व मयताने पुरेशी काळजी न घेतल्याने.

मेलेल्या बाईनं काळजी घेतली नाही. जिवंत असणाऱ्या कुणाविषयी त्या कागदात अवाक्षर नाही.

"स्वयंपाकघराची जमीन कोरडी कधी असते रे, राजू?"

राजशेखरनं मान खाली घातली. राजू म्हणणारी या मठात दोनच माणसं होती. सातवी ते बारावी तो इथल्याच बोर्डिंगात राहिला, याच खोलीत जेवला. परीक्षेच्या दिवसांत गौरव्वा त्याच्या भाकरीवर ताज्या लोण्याचा गोळा ठेवायची आणि वर भाकरीचाच तुकडा झाकायची, बाकीच्या पोरांना दिसू नये म्हणून.

त्यानं घसा साफ केला.

"म्हणून तर आलोय ना अप्पा. बदलतोय आपण. या चारही चांगल्या आहेत. महाग नाहीत. ही खरबरीत, ही कोटा, ही..."

"निवड तू."

"मागच्या वेळी मी निवडली. आता तुम्ही निवडा."

"का?"

"तुमचा शब्द असला की कुणी बोलणार नाही."

"कोण बोलतंय?"

राजशेखरनं इरव्वाकडं पाहिलं आणि नजर वळवली. गौरव्वाच्या भावानं तालुक्याला अर्ज दिला होता. चौकशी पुन्हा करा, एवढीच त्याची मागणी. पाच वाजता विश्वस्तांची बैठक होती.

"इरव्वा," अप्पा म्हणाले, "पातेल्याचा दुसरा कान कुणाकडं होता?"

"माझ्याकडं." तिनं मागं वळून पाहिलं नाही. "अक्का पुढं, मी मागं. अक्का उलटी चालत होती. मी म्हटलं, जपून. ती म्हणाली, अगं, एकोणतीस वर्षं उलटी चालतेय, मला काय शिकवतेस..."

डाव पातेल्यात फिरत राहिला.

"आणि हसली," इरव्वा म्हणाली.

"तुझा जबाब घेतला?"

"मला कोण विचारतंय, अप्पा? पोलीससाहेब आले, फोटो काढून गेले. जमीन पुसून घ्या म्हणाले. पुसली."

भात उकळत होता...

"इरव्वा, पेज आण थोडी."

तिनं वाडगं आणलं. अप्पांनी ते चारही नमुन्यांवर ओतलं. मग हात पुसले.

"आता ये. उभा राहा एकेकावर. सांग कुठली बरी."

राजशेखर हलला नाही.

"मोजे काढून ये."

"अप्पा, चेष्टा नको. पडलो तर..."



"हातात काही नाही तुझ्या," अप्पा म्हणाले. "रिकामाच ये."

"मी इथं बरा आहे."

"ते दिसतंय. मघापासून कितीदा म्हटलं ये. आला नाहीस. खाली बघ, कुठं उभा आहेस."

राजशेखरनं खाली पाहिलं.

पांढऱ्या फरश्या त्या वेळी मोजून आणल्या, तरी दाराजवळ कमी पडल्या होत्या. तेवढी एक रांग जुनीच राहिली होती. काळी शहाबादी, टाकीच्या खुणा अजून शाबूत. त्याचे दोन्ही पाय नेमके तिच्यावर होते. पुढचा पांढरा चौकोन त्याच्या अंगठ्यापासून चार बोटांवर होता आणि सबंध वेळात त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

"निवडलीस की," अप्पा म्हणाले.

राजशेखरचे कान तापले. "बरं. शहाबादी. तीच घालू परत. ती तर सगळ्यांत स्वस्त."

"तेव्हाही होती."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घाईघाईनं फाईल उघडली आणि एक कागद काढला. दाराच्या चौकटीला धरून, पुढं न येता, हात लांबवून तो अप्पांपुढं धरला. इरव्वानं मध्ये येऊन कागद घेतला आणि अप्पांच्या हातात दिला.

"ठराव आहे. वाचून सही करा, एवढंच. बैठकीआधी हवा."

अप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला. "श्री अप्पांच्या आज्ञेने दासोहातील फरशी बदलण्यात येत आहे. पूर्वीच्या फरशीबाबत कोणाचाही दोष नाही, असे सर्वानुमते..."

ते थांबले.

"कोणाचाही?"

"भाषा तशीच असते, अप्पा. वकिलानं लिहून दिलीय."

"गौरव्वाचा?"

"तिचाही नाही. हवं तर तसं घालू."

इरव्वाच्या हातातला डाव थांबला.

अप्पांनी पेन मागितलं. राजशेखरनं खिशातलं काढून दिलं, पुन्हा इरव्वाच्याच हातून. अप्पांनी ठरावाच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, कागद मांडीवर ठेवला आणि खाली लिहायला लागले. म्हाताऱ्याचा हात, फार वेळ लागला. सही केली. तारीख घातली. मग कागद इरव्वाकडं दिला.

तो हातात आला तसा राजशेखरनं वाचला. लिहिलं होतं: स्वयंपाकघरात पायांत काही घालायचे नाही, हा नियम माझा. गौरव्वा अनवाणी होती ती माझ्यामुळे.

"अप्पा!" त्याचा आवाज चढला. "हे काय लिहिलंत? हा कागद बाहेर गेला तर तुमच्यावर येईल. पोलीस तुम्हाला बोलावतील."

"बोलावू देत."

"तुमचा काय संबंध? देवाधर्माचा नियम आहे तो. घरोघरी आहे."

"घरोघरी हुग्गीचं पातेलं दोघींनी उचलायचं नसतं."

"हा कागद मी बैठकीत ठेवू शकत नाही."

"नको ठेवूस."

"मग मी काय करू?"

अप्पांनी पुढचा दोडका घेतला.

चार वाजत आले होते. सहाला संध्याकाळची पंगत. इरव्वानं भाताचं पातेलं उतरवायला घेतलं. दुसरा कान धरायला कुणी नव्हतं. गौरव्वाच्या जागी अजून माणूस नेमलेलं नाही. तिनं एक गोणपाट ओढून चुलीपाशी सरळ केलं, पदर खोचला आणि दाराकडं पाहिलं.

"साहेब, जरा हात लावता?"

राजशेखर काळ्या रांगेवर उभा होता. हातात कागद. खाली पांढरी जमीन, वर ओली गोणपाटं, मध्ये दहा पावलं...

तो तिथंच उभा राहिला.

अप्पांनी विळी आडवी केली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गोणपाटांवरून, भिंत धरत, अनवाणी चुलीपर्यंत गेले. पातेल्याचा दुसरा कान त्यांनी धरला. दोघांनी ते उचललं. म्हातारा पुढं होता, म्हणजे उलटा चालत होता. पातेलं ओट्यावर टेकेपर्यंत राजशेखरची नजर त्या टाचांवर होती.

अप्पा ओट्याला धरून धापा टाकत उभे राहिले. मग त्यांनी दाराकडं पाहिलं.

"पायांत काय नव्हतं, ते मी लिहिलंय. पायांखाली काय होतं, ते लिहायला कागदावर खाली जागा सोडली आहे."