नुन्झियाची ओली भिंत

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकी किती ते विचारू नका, मला सांगणारीलाही ठाऊक नव्हतं, इटलीच्या डोंगरात पिएत्रासोला नावाचं एक गाव होतं. दगडी घरं, मधोमध घंटेचा मनोरा आणि चहूकडे चेस्टनटचं, म्हणजे पिठूळ बियांच्या झाडांचं, रान. तिथं गहू फारसा पिकत नसे. लोक चेस्टनट धुरावर वाळवत, दळत, आणि मग भाकरी त्याचीच, लापशी त्याचीच, लग्नातलं गोडधोडही त्याचंच. कुणी तक्रार करत नसे. केलीच तर तोंडात घास असल्यामुळे ती ऐकू येत नसे.

त्या गावात एर्सिलिया राहायची. भिंतींना चुना लावायचा आणि त्यावर चित्रं काढायची, हे तिचं काम. रंग तिथलेच, डोंगरातली तांबडी माती, ओढ्याकाठची हिरवी माती आणि चुलीतली काजळी. सकाळी चुन्याचा ओला गिलावा थापायचा आणि तो सुकायच्या आत चित्र पुरं करायचं. ओल्या गिलाव्यात रंग मुरतो, मग पावसानंही जात नाही. गिलावा वाळून गेला तर मात्र दिवस फुकट. खरवडा आणि पुन्हा थापा.

पुढं एक काळ असा आला की लोक कामधंद्यासाठी समुद्रापार जाऊ लागले. एकेक घर बंद झालं. घंटा वाजवणारा बेर्तो गेला. एर्सिलियाची धाकटी बहीण नुन्झिया, तीही गेली. जाताना म्हणाली, "ताई, मी येणार बघ. धुकं असलं तरी येणार. तू घंटा तेवढी वाजती ठेव."

कारण त्या डोंगरावर धुकं असं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही. रानात गेलेली माणसं घंटेच्या आवाजानं घर गाठतात. बेर्तो गेल्यावर मनोऱ्याची किल्ली एर्सिलियानं आपल्या कमरेला लावली. धुकं दिसलं की ती हातातलं काम टाकून घंटा वाजवायची.

आणि एका वर्षी खालच्या शहरातून निरोप आला. अर्धं गाव रिकामं आहे म्हणे, मग घंटा हवी कुणाला? कारभारी पाहणीला येईल. बंद घरंच दिसली तर घंटा उतरवून खाली नेण्यात येईल. गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

एर्सिलिया रडत बसली नाही. तिनं चुना भिजवला. रोज एका बंद घराच्या भिंतीवर ती एक खिडकी रंगवायची आणि खिडकीत ते घर सोडून गेलेलं माणूस. शेंगा सोलणारी विधवा, वहाण शिवणारा चांभार. मनोऱ्याशेजारी बेर्तो, रिकामे हात खिडकीवर टेकून उभा. बेर्तोचं नाक जरा मोठं झालं असं तिला वाटलं. गाव म्हणालं, "कमीच आहे!"

राहिली नुन्झियाची खिडकी. तीनदा गिलावा थापला आणि तीनदा तो वाळून गेला. बहिणीचा चेहरा तिला आठवेचना. दिसायची ती फक्त उतारावरून जाणारी पाठ. चौथ्यांदा गिलावा थापला, आणि कारभारी एक दिवस आधीच दारात!

त्याचं नाव प्लाचिदो. जाडजूड, घामाघूम आणि वैतागलेला. त्याला कागद उघडून बसायचं होतं. पण चढून आलेल्या माणसानं आधी गावाच्या कामाला हात लावायचा, मग खायचं, मग बोलायचं, ही तिथली रीत. एर्सिलियानं त्याला धुराच्या खोपटात नेलं, फळीवरचे चेस्टनट उलटायला लावले, सामाईक भट्टीत पाव सरकवायला लावला. मग गाव दाखवायला निघाली. प्लाचिदोनं विधवेला टोपी काढून नमस्कार केला. तिनं मान हलवली नाही, तेव्हा तो चिडून जवळ गेला.

"अहो बाई, ही तर चित्रं आहेत!"

"चित्रंच आहेत. माणसं परत आली की खरवडून टाकीन."

"आणि ही कोरी खिडकी?"

"ती माझ्या बहिणीची. ती यायचीय अजून. घंटाच नसली तर धुक्यात तिला वाट कशी सापडायची, सांगा ना."

प्लाचिदोनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्याला वाईट वाटलं, पण हुकूम तो हुकूम. "चित्रांसाठी घंटा ठेवता येत नाही," तो म्हणाला आणि दुपारी उतरू लागला.

एर्सिलिया ओल्या भिंतीशी जाऊन बसली. सारं गाव त्या बिनखिडकीच्या खोपटात चेस्टनट उलटत होतं. तेवढ्यात धुकं उतरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला घंटेची आठवण राहिली नाही.

वाटेत प्लाचिदोचा एक पाय कड्याबाहेर पडला. दगड खाली गेला, पण पडल्याचा आवाजच येईना. तो जागीच थिजला. आणि तेव्हा घंटा वाजली, असं म्हणतात. एकेका टोल्यामागं एकेक पाऊल टाकत तो वर आला.

एर्सिलियाला धुक्यातून येणारी नुसती आकृती दिसली. ती धावली. "आलीस का गं, नुन्झिया?" म्हणत तिनं त्या जाडजूड कारभाऱ्याला मिठी मारली. "हो," तो म्हणाला, "आलो."

लोक बाहेर आले. घंटा कुणी वाजवली? जो तो म्हणे, मी नाही. मनोऱ्याला कुलूप होतं आणि किल्ली एर्सिलियाच्या कमरेला. मग कुणीतरी बेर्तोच्या खिडकीकडे बोट दाखवलं. सकाळी रिकामे असलेल्या त्याच्या हातांत दोर होता. "दोर मी काढला नाही," एर्सिलिया शपथेवर म्हणाली. बेर्तोच्या कपाळावर घाम होता असंही म्हणतात, पण तेवढं मला जरा जास्त वाटतं.

त्या मिठीत एर्सिलियाला बहिणीचा चेहरा आठवला, आणि धुक्यामुळे गिलावा अजून ओला होता. अंधार पडायच्या आत तिनं नुन्झियाला खिडकीत बसवलं. प्लाचिदो दिवा धरून उभा राहिला. मग त्यानं कागदावर लिहिलं : पिएत्रासोलात प्रत्येक खिडकीत माणूस आहे.

घंटा राहिली. अजूनही दरवर्षी पहिल्या धुक्याच्या दिवशी ती सकाळपासून वाजते. दूरदूरची माणसं चढून येतात. गाव त्यांच्याकडून चेस्टनट उलटून घेतं, पोटभर खाऊ घालतं आणि एर्सिलियाच्या नावानं एक भिंत ओली करून देतं. ज्यानं त्यानं आपलं लांब गेलेलं माणूस तिथं काढायचं. कुणाची नातवंडं परत येतात, तेव्हा त्याची खिडकी वाजतगाजत खरवडून काढतात.

नुन्झियाची खिडकी अजून कुणी खरवडलेली नाही. म्हणून त्या दिवशी धुक्यातून जो पहिला वर येईल, म्हातारा असो, परदेशी असो, मिशीवाला असो, त्याला गाव एकच विचारतं, "आलीस का गं, नुन्झिया?"

आणि त्यानं म्हणायचं, "आले."