सशाची साक्ष

एकदा एका प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी ओली पट्टी चिमट्यात धरून, हातमोजेही न काढता, आपल्या वृद्ध आचार्यांच्या खोलीकडे पळत सुटली.

केतकी तिचे नाव. तिला तीन वर्षे एकाच प्रथिनाने झुलवले होते. जमीन कोरडी पडली की हरभऱ्याच्या मुळांत हे प्रथिन प्रकटते आणि निजलेल्या जनुकांना उठवते, असा तिचा दावा होता. पण प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. त्याला ओळखणारा साक्षीदार लागतो. म्हणून ते प्रथिन एका सशाला टोचले होते आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे तिने वापरली होती. तहानलेल्या मुळांचा अर्क उतरवलेल्या पट्टीवर ती सोडताच ठळक काळी रेघ उमटली. अगदी हव्या त्या जागी, निदान तिला तरी तसे वाटले!

"सर, सापडलं! शोधनिबंध आजच पाठवू या!"

आचार्यांनी पट्टी उजेडात धरली, मान डोलावली आणि फ्रीजमधून एक कुपी काढून दिली. "याने पुन्हा कर. मग सही करतो."

केतकी मनातून चरफडली. पण दुसऱ्या दिवशी पाहते तो तीच रेघ, तशीच काळीभोर! आता तर तिला आकाश ठेंगणे झाले.

"सर, पुन्हा आली! आता तरी करा सही."

"बस जरा. ही कुपी त्याच सशाची, पण टोचण्याच्या आदल्या दिवशी काढलेल्या रक्ताची."

केतकी खुर्चीत बसली. ज्याने प्रथिन अजून पाहिलेच नव्हते, त्याने ते ओळखले कसे?

"त्याला खायला काय घालतात गं?"

"गवत... आणि हरभऱ्याची चुणी." तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा!"

आचार्य हसले. "जन्मभर हरभरा खाल्लेला ससा तो. हरभऱ्यातल्या दुसऱ्याच कुठल्या प्रथिनाशी त्याची जुनी ओळख असणार. त्याच्या रक्तात एकच प्रतिपिंड नसतं, जमाव असतो, आणि प्रत्येकाची नजर निराळी. तुला हवं ते उत्तर मिळालं, म्हणून जमावातून कोण बोललं हे तू विचारलंच नाहीस. होकार देणारा साक्षीदार कुणालाही आवडतो. पण काहीच पाहिलं नसेल तेव्हा तो गप्प राहतो का, हे आधी बघावं."

तो दिवस केतकीने रडवेल्या तोंडाने काढला, खोटे कशाला सांगा. पण दुसऱ्या सकाळी ती पदर खोचून कामाला लागली. बारीक मण्यांवर तिने शुद्ध प्रथिन चिकटवले आणि टोचल्यानंतरचे सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा निवळ द्रव, त्या मण्यांवरून ओघळू दिले. प्रथिनाला धरून राहिली तेवढी प्रतिपिंडे ठेवली, बाकीचा जमाव धुऊन टाकला. टोचण्याआधीच्या सीरमलाही हीच चाळणी लावली. मग टोचल्यानंतरचे उरलेले एका नव्या पट्टीवर आणि टोचण्याआधीचे दुसरीवर सोडून, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ती श्वास रोखून बघत राहिली.

"सर! लवकर या, सर!"

या वेळी पळत आले ते आचार्य, चष्मा हातातच. पहिल्या पट्टीवर, जुन्या रेघेच्या किंचित वर, केसाएवढी बारीक रेघ होती.

"सापडलं की गं!" वाकून बघताना त्यांचाही आवाज चढला.

"ती नंतर बघा हो!" केतकीचे नाचायचेच काय ते बाकी होते. तिने दुसरी, कोरी राहिलेली पट्टी त्यांच्यापुढे धरली. "आधी ही बघा, सर. हिच्यावर काहीच नाही!"

आचार्यांनी खिशातले पेन काढले.